फळ्यावरचं अर्धं वाक्य

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या त्या गुळगुळीत पांढऱ्या फळ्याला माझ्याबद्दल काही विचारू नका. तो नाक मुरडेल. मी त्याचा पणजोबा शोभेन असा लाकडी फळा. गोदीजवळच्या एका जुन्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे, शिक्षा झालेल्या मुलासारखा. माझी गोष्ट तशी लहानच आहे. पण ती सांगितल्याशिवाय मला वाळवीच्या स्वाधीन व्हायचं नाही.

खरं सांगायचं तर माझा जन्म शाळेसाठी झालाच नव्हता. मी मुळात दार होतो आणि तेही तबेल्याचं. त्या वेळी आमच्यावर परक्या गोऱ्या साहेबांचं राज्य होतं. गोदीतला माल ओढणारे त्यांचे घोडे इथे बांधलेले असत. पुढे मोटारी आल्या आणि घोडे गेले. रिकाम्या तबेल्यात सरकारने मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली. मोठ्या मनाने काढली असं समजू नका. मुलं गोदामात पायांत येतात, अशी गोदामवाल्यांची तक्रार होती, म्हणून काढली.

सुताराने मला बिजागऱ्यांवरून उतरवलं, रंधा मारला आणि काजळी नि सरस कालवून माझ्या अंगाला काळा रंग दिला. एका घोड्याने लाथ मारून पाडलेली खोक मात्र डाव्या अंगाला राहिलीच. तिथे येऊन खडू अडखळायचा आणि मुलं हसायची. पहिले काही दिवस मला फार लाज वाटली. मग मला त्या हसण्याची सवय झाली, आणि पुढे तर आवडच लागली.

शाळेला मास्तर एकच. अंगाने काडी, पण आवाज असा की गोदीतल्या हमालांनी मान वर करून पाहावं. खडूचे तुकडे ते कोटाच्या खिशात ठेवत, त्यामुळे तो खिसा कायम पांढरा दिसे. या मास्तरांनी शाळेत एक नियम घातला होता. कुणीतरी मन लावून लिहावं आणि दुसऱ्याने खोडी काढून पुसावं, यावरून एकदा दोन मुलांची चांगलीच जुंपली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाची दौत. तेव्हा मास्तरांनी सांगून टाकलं, “आजपासून फळ्यावर ज्यानं लिहिलं, त्यानंच पुसायचं. दुसऱ्याच्या लिहिण्याला हात लावायचा नाही. अगदी माझ्यासुद्धा!”

मुलांनी हा नियम डोक्यावर घेतला. एकदा मास्तरांची दाढ सुजली आणि ते घरी राहिले. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्यावर एक लांबलचक भागाकार लिहून ठेवला होता. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना मुलं काही केल्या तो पुसू देईनात. बिचाऱ्यांनी सगळं शिकवणं माझ्या काठाकाठाने मुंग्यांएवढ्या अक्षरांत उरकलं. दुसऱ्या एका वेळी कुणीतरी मास्तरांचं चित्र काढलं, नाक पोपटाचं आणि पाय बगळ्याचे. मास्तर आले, त्यांनी चित्र पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “छान आहे. आता नियमाप्रमाणे ज्यानं काढलं त्यानं पुसावं.” चित्रकार आपोआप उभा राहिला! त्या दिवशी मास्तरही पोट धरून हसले.

शाळा तपासणारे मोठे साहेब पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं आणि माझं कौतुक केलं. माझ्यासारखा काळाभोर फळा त्यांनी म्हणे दुसरीकडे पाहिला नव्हता. मीही मग थोडा भाव खाल्ला. कौतुक कुणाला नको असतं?

आता भिंगरीबद्दल सांगतो. इतका वेळ मी हसतखेळत सांगत होतो, ते तिच्याबद्दल सांगायचं लांबवण्यासाठीच.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका जागी बसत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. वडील नव्हते. आई गोदामात पोती शिवायची, उरलेली घरी आणून पुरी करायची. सुतळीने तिच्या बोटांना कायमच्या चिरा पडलेल्या. लेकीच्या बोटांना तसल्या चिरा पडू नयेत, म्हणून तिने तिला शाळेत घातलं होतं. हे ती मास्तरांना येता-जाता ऐकवायची. “मास्तर, हिला सुई नको, खडू द्या,” असं म्हणायची.

आमच्या शाळेत ज्या मुलाला अक्षरं जुळवता येऊ लागत, त्याने माझ्यावर आपल्या मनाचं पहिलं वाक्य लिहायचं असे. मास्तरांनी सांगितलेलं नाही, पुस्तकातलं नाही, स्वतःचं. तो मुलांचा मोठा मानाचा दिवस. भिंगरीची पाळी आली ती शाळा सुटता सुटता. तिचा हात वर पोचत नव्हता, म्हणून तिने माझा खालचा कोपरा घेतला, त्या खोकेच्या शेजारचा. जीभ बाहेर काढून, खडू मुठीत धरून ती लिहू लागली. जोडाक्षराने तिला फार छळलं. तरी तिने ते जमवलंच. ‘उद्या मी’ एवढं लिहून झालं आणि दारातून हाक आली.

“अगं, चल लवकर! पोती परत न्यायची आहेत, गोदाम बंद होईल.”

“आई, थोडंच राहिलंय.”

“राहू दे आता. राहिलेलं उद्या लिही.”

भिंगरीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हसून म्हणाले, “जा. कुणी हात लावणार नाही.” ती उड्या मारतच गेली.

त्या रात्री वस्तीत ताप शिरला. कितीतरी घरांत शिरला. शाळा बंद झाली. मी बंद दाराआड तिचं अर्धं वाक्य सांभाळत उभा राहिलो. शाळा पुन्हा उघडली तेव्हा सगळी मुलं आपापल्या जागी बसली आणि भिंगरीची जागा रिकामी राहिली. मास्तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबले. पुढची नावं त्यांनी घेतलीच नाहीत. तोंड फिरवून ते माझ्यासमोर उभे राहिले आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत राहिले. एवढा मोठा माणूस रडतो, हे मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग सगळा वर्गच रडला. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही. ते बरं की वाईट, मला अजून कळलेलं नाही.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. जिने लिहिलं होतं, ती आता येणार नव्हती. तेव्हा ते दोन शब्द तसेच राहिले. मास्तर वरच्या बाजूला शिकवत. वाऱ्याने खडू उडू नये म्हणून मुलं त्या बाजूची खिडकी लावून घेत. सुट्टीत मला नवा रंग दिला, तोही तो कोपरा सोडून.

संध्याकाळी शाळा सुटली की तिची आई यायची. तिला वाचता येत नव्हतं. दारात चपला काढून ती आत यायची आणि माझ्यासमोर खाली बसायची.

“मास्तर, वाचा ना.”

“उद्या मी,” मास्तर वाचायचे.

“पुढे काय लिहिणार होती हो ती?”

मास्तरांना काय सांगता येणार? ते कधी म्हणत, “लवकर येईन, असं असेल.” कधी म्हणत, “आईला मदत करीन, असंही असेल.” ती मान हलवायची. “नाही. खेळायचंच असेल काहीतरी. मदतीचं नाव काढलं की पळायची ती.” असं म्हणून हसायची आणि हसता हसताच तिचा बांध फुटायचा. “मीच ओढून नेलं हो तिला. चार अक्षरं लिहू दिली असती, तर गोदाम काय पळून जाणार होतं?” मास्तर तिची समजूत घालत. तिची समजूत कधीच पटली नाही. मला तिला सांगावंसं वाटायचं, बाई, तुझा काही दोष नाही. पण मला तोंड कुठे होतं?

असेच दिवस जात होते. एक दिवस मोठे साहेब पुन्हा तपासणीला आले. सोबत त्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगणारे कारकून होते. साहेबांनी एका मुलाला गणित घातलं आणि त्याला जागा करून द्यावी म्हणून स्वतःच फडकं उचलून तो कोपरा पुसायला वाकले.

“नका!” सगळा वर्ग एकदम ओरडला. दोघं-तिघं तर धावत येऊन माझ्यापुढे आडवी झाली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांच्यावर आजवर कुणी ओरडलं नसावं. मास्तरांनी पुढे होऊन सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी ती ऐकून घेतली, हे मला कबूल करायला हवं. मग म्हणाले, “वाईट झालं. पण शाळा म्हणजे स्मशान नव्हे. आज हे अक्षर, उद्या दुसरं. आणि सरकारच्या माणसावर मुलं आवाज चढवतात, ही तुमची शिस्त? मी पुन्हा येईन तेव्हा हा फळा स्वच्छ दिसला पाहिजे. नाहीतर ही शाळा बंद होईल.”

जाता जाता कारकुनांनी मास्तरांना बाजूला घेतलं. “अहो, हट्ट सोडा. ही जागा आपल्याला मिळावी म्हणून गोदामवाले टपूनच बसलेत. साहेबांना फक्त कारण हवंय.”

वस्तीत ही बातमी पोचली. कुणी म्हणालं, दोन शब्दांपायी सगळ्यांच्या पोरांचं वाटोळं करायचं का? कुणी म्हणालं, पुसणाऱ्याचे हात झडतील. मास्तरांना जेवण जाईना. मुलं गेल्यावर ते ओलं फडकं घेऊन माझ्यापाशी यायचे, उभे राहायचे आणि फडकं परत बादलीत टाकायचे. दोनदा त्यांचा हात अगदी माझ्यापर्यंत आला होता.

मग एके दिवशी भर शाळेत भिंगरीची आई आली. पोती शिवता शिवता उठून आली असावी, कारण पदराला सुतळीचे धागे चिकटलेले होते. गोदामातल्या बायकांनी तिला सगळं सांगितलं होतं.

“मास्तर, मी पुसते.”

“नको हो ताई. मी काहीतरी मार्ग काढतो. आणि नियम...”

“नियम ठाऊक आहे मला. जिनं लिहिलं तिनंच पुसायचं. पण माझ्याच पोटातून आली ना ती? मग तिचा हात तो माझाच हात.” ती वर्गाकडे वळली. “एवढी पोरं बसलीत इथे. शाळा बंद झाली तर उद्या ही सगळी माझ्याशेजारी पोती शिवायला बसतील. माझ्या पोरीच्या नावानं हे व्हायला नको.”

मास्तर बाजूला झाले. ती माझ्यासमोर खाली बसली.

“यातलं ‘उद्या’ कुठलं?”

मास्तरांनी बोट दाखवलं.

“एकदा वाचा सगळ्यांनी.”

मुलांनी वाचलं. नेहमी ती एका सुरात ओरडून वाचत. त्या दिवशी आवाज फुटेनात. कुणाचं ‘उद्या’ आधी संपलं, कुणाचं ‘मी’ घशातच राहिलं.

मास्तरांनी पुढे केलेलं फडकं तिने घेतलं नाही. तिने उघड्या तळव्याने आधी ‘मी’ पुसलं. तो तळवा मला अजून आठवतो, सुतळीने चिरलेला, खरखरीत आणि गरम. मग तिने तोच हात ‘उद्या’वर ठेवला. ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. गाढ झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा तो हात होता. कुणी हललं नाही. शेवटी तिने हात खाली ओढला आणि कोपरा काळा झाला.

ती उठली. तळव्याला लागलेला खडू तिने झटकला नाही. मूठ घट्ट मिटून ती गेली.

मोठे साहेब आले. त्यांनी माझ्याकडे लांबूनच पाहिलं, मान डोलावली आणि उत्तम असा शेरा दिला. शाळा वाचली. माझं कौतुक झालेलं मला तेव्हा पहिल्यांदाच सहन झालं नाही. त्यानंतर किती मुलं शिकली, किती मोठी झाली! कुणी गोदीत कारकून झालं, कुणी शिक्षिका झाली, कुणी परदेशी गेलं. साहेबांचं राज्यही गेलं. तबेला पाडून पक्की इमारत उठली, सिमेंटचे फळे आले आणि माझी रवानगी या खोलीत झाली. मला त्याचं फार दुःख नाही. दुःख याचं आहे की भिंगरीची आई शाळेत पुन्हा कधी आली नाही. संध्याकाळ झाली की मास्तर दाराकडे पाहत बसायचे. मीही पाहायचो. येऊन बघण्यासारखं तिचं इथे काही उरलंच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. मला रंग नको, नवी जागा नको. मागायचं आहे ते तुमच्यासाठी आणि तुमच्या मोठ्यांसाठी. फळा पुसण्याआधी त्यावर काय आहे, ते एकदा वाचा. आणि एखादं लहान मूल खडू मुठीत धरून, जीभ बाहेर काढून लिहीत असेल, तर बाहेर कितीही घाई असू दे, जरा दारात थांबा. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.