टकळीचं वाचन

उन्हाळ्याची सुट्टी तीन आठवड्यांवर आली की तिसरीच्या वर्गात शिकवायचं काही उरत नाही आणि शिकवलेलं काही टिकत नाही, असं बाईंचं बावीस वर्षांचं मत होतं. भागाकार झाला होता, उरलेली बाकी कुठे लिहायची तेही झालं होतं. पावणेसहा आणि सव्वासहा यांतला गोंधळ अर्ध्या वर्गापुरता मिटला होता, उरलेल्यांचा चौथीत मिटेल अशी आशा होती. पाण्याची वाफ, वाफेचे ढग, ढगांचं पुन्हा पाणी, हे सगळी मुलं एका दमात सांगत. आता नुसती उजळणी. वर्गात पंखा एकच आणि तोही इमानेइतबारे कोपऱ्यातल्या कपाटाला वारा घालणारा. मुलं घामेजलेली आणि बाईंचा घसा बसलेला.

घसा बसला म्हणून तर हे सगळं झालं. पुढे कितीतरी वेळा बाईंच्या मनात आलं की तो बसला नसता तर बरं झालं असतं, आणि असं मनात आल्याची त्यांना लाजही वाटली.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. नवा धडा आला की आधी बाई एकेक ओळ ठसठशीत वाचणार आणि सगळा वर्ग ओळीवर बोट ठेवून ती म्हणणार. असं दोनदा. तिसऱ्या खेपेला बाई एकाला उभं करणार आणि त्यानं धडा एकट्यानं वाचायचा. ही पद्धत त्यांनी दुसरीच्या बाईंकडून उचलली होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. मुख्याध्यापक वर्गाबाहेर मुद्दाम थांबून ऐकत, कारण छत्तीस मुलं एका सुरात वाचताना ऐकली की शाळा चांगली चाललीय असं कुणालाही वाटतं.

त्या छत्तिसांत सगळ्यांच्या वर आवाज टकळीचा. पटावर नाव वेगळं होतं, पण तोंड कधी मिटायचं नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला टकळी म्हटलं आणि तेच चिकटलं. पहिल्या बाकावर बसायची, पुढचे दोन दात पडलेले. एकट्यानं वाचायला उभं करायचं ते टकळीला, हे ठरलेलं. ती स्वल्पविरामाला थांबे, प्रश्नाला आवाज चढवी, पाहुणे आले की अंमळ जास्तच चढवी. लिहिण्यात मात्र यथातथा. उत्तरं अर्धवट, शुद्धलेखन शेजारणीच्या वहीतून उतरवलेलं. हात आळशी आहे पोरीचा, असं म्हणून बाईंनी ते सोडून दिलं होतं. तोंड एवढं चालतंय म्हटल्यावर हाताकडे कोण बघतो?

त्या सोमवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं की घसा बसला आहे, शेवटचा धडा सगळ्यांनी आपापला मनात वाचा. वर्ग कधी नव्हे तो चिडीचूप झाला. दहा मिनिटांनी बाईंनी टकळीला उभं राहायची खूण केली. ती उभी राहिली, पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि बाईंकडे हसऱ्या तोंडानं बघत राहिली. बाईंनी पुन्हा खूण केली.

"बाई, तुमचा घसा बरा झाला की वाचते," टकळी म्हणाली.

वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला एकटीला बसवून सुताराचा धडा वाचायला सांगितला. तो तिच्या आवडीचा. टकळी खणखणीत वाचू लागली. बाईंनी हळूच दोन पानं उलटली. टकळी वाचतच राहिली. बोट नदीच्या धड्यावरून फिरत होतं आणि तोंडातून सुतार रंधा मारत होता. बाईंनी पुस्तक मिटलं तरी पुढची ओळ ती म्हणूनच थांबली.

"तू वाचतेस कशी गं?" बाईंनी बसक्या आवाजात विचारलं.

"तुम्ही आधी म्हणता ना, मग ते पानावर येतं. मग मी बघून म्हणते."

"आणि मी म्हटलंच नाही तर?"

टकळीनं जरा विचार केला. "मग ते अजून आलेलं नसतं," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती, फसवत नव्हती, लपवतही नव्हती. तिच्या लेखी वाचणं म्हणजे हेच होतं, आणि तिला तसं शिकवणारी बाई समोर बसली होती. दोन वर्षं ही मुलगी वर्गात सगळ्यांत चांगली वाचणारी होती आणि तिला एक ओळ वाचता येत नव्हती.

त्या तडक दुसरीच्या बाईंकडे गेल्या. दुसरीच्या बाई म्हणाल्या, माझ्याकडे तर घडाघडा वाचायची. बाईंना त्यांच्यावर चिडायचं होतं, पण कुठल्या तोंडानं चिडणार?

आता वीस दिवस हातात होते. विसाव्या दिवशी तपासनीस येणार होते. तिसरीच्या प्रत्येक मुलानं त्यांच्यासमोर न पाहिलेला एक उतारा वाचायचा असतो, कारण चौथीत आधी वाचून दाखवणारं कुणी नसतं. ज्याला येत नाही त्याला गावाच्या पलीकडच्या टोकाच्या खास शाळेत पाठवतात. शाळा वाईट नाही, पण दोन बस बदलून जावं लागतं आणि सोबत मोठं माणूस लागतं. टकळीची आई लाँड्रीत इस्त्री करायची, उजाडता कामावर जायची. मागच्या वर्षी अशीच एक मुलगी तिकडे पाठवली होती. दोन महिन्यांनी ती घरी बसली ती बसलीच.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हिला वर्षभर माझ्याच वर्गात ठेवा, मी शिकवते. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मागे ठेवायचा नियम नाही, एक तर पुढे नाहीतर पलीकडे, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी दोन्ही सत्रांचे गुण काढून बाईंसमोर ठेवले. वाचनाच्या रकान्यात टकळीला पैकीच्या पैकी होते, खाली बाईंची सही. हे कुणी दिले असं विचारतील, एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.

आईला बोलावून घेतलं. ती कामावरूनच आली, मनगटावर इस्त्रीचा ताजा चटका होता. बाईंनी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, पण आईनंच आधी सुरुवात केली. पोरगी रोज संध्याकाळी अख्खं पुस्तक वाचून दाखवते, असं ती सांगत होती. "मला अक्षर येत नाही हो बाई. आमच्यात कुणालाच नाही. ही पहिली." ते जुळवलेलं वाक्य बाईंनी गिळून टाकलं. रोज वाचायला बसवत जा, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि आई खुशीत निघून गेली. त्या दिवशी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं, हे बाईंना ठाऊक आहे. कुणी त्यांना ते समजावून सांगायची गरज नाही.

मग रोज मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा अर्धा तास. बाईंनी पुठ्ठ्याची वीस कार्डं कापली, एकेका कार्डावर एकेक शब्द. पाणी, झाड, दार, गवत. तिसऱ्या दिवशी टकळीनं विसांपैकी वीस ओळखली. बाईंचा जीव भांड्यात पडला. दुपारी कार्डं आवरताना त्यांच्या लक्षात आलं की दारावर चहाचा डाग आहे, झाडाचा कोपरा दुमडलाय आणि पाण्याला शाईचं बोट लागलंय. त्यांनी रात्रीतून नवी कोरी कार्डं केली. दुसऱ्या दिवशी टकळीनं ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "बाई, ही तुम्ही अजून म्हटली नाहीत."

सुरुवात अक्षरांपासून करावी लागली. तिच्या बरोबरीच्या मुलांनी पहिलीत जिथून केली तिथून. एक अक्षर बसलं की आदलं उठून जाई. बाईंच्या नाकी नऊ आले. एकदा त्या ओरडल्या, टेबलावर पट्टी आपटली, आणि टकळीनं घाबरून कार्डाकडे न बघता सुताराचा धडा म्हणायला सुरुवात केली. त्या दिवशी बाई स्वच्छतागृहात जाऊन रडल्या.

पंधराव्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. 'गवत'वर टकळी अडली. मग तिनं ग म्हटलं, व म्हटलं, त म्हटलं आणि हळूच म्हणाली, "गवत?" तिलाच ते खरं वाटेना. कुणी न सांगता आपल्याला कळलं कसं, म्हणून ती कार्डाची मागची बाजू बघू लागली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे हिला येणार होतं. वर्षभर रोज तासभर धरून बसलं असतं तर नक्की आलं असतं. आणि हातात पाच दिवस होते. त्या एका शब्दापायी बाईंना रात्रभर झोप लागली नाही. मुलीला येणारच नाही असं असतं तर निदान नशिबाला बोल लावता आला असता.

उताऱ्यांचं पाकीट शाळेत दोन दिवस आधी येतं आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतं. त्यात तीन उतारे असतात, तपासनीस त्यांतला एक निवडतात. सगळे शिक्षक त्यावर आधीच नजर टाकून घेतात, हे उघड गुपित. बावीस वर्षांत बाईंनी त्या पाकिटाला हात लावला नव्हता आणि हे चारचौघांत बोलून दाखवायची एक संधी सोडली नव्हती. त्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काही न विचारता पाकीट पुढे सरकवलं. निदान का म्हणून तरी विचारतील, असं बाईंना वाटलं होतं.

हे मुलीसाठी की स्वतःच्या सहीसाठी, याचा निवाडा त्यांनी केला नाही. करायला बसल्या असत्या तर पाकीट परत करावं लागलं असतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिन्ही उतारे टकळीला एकेकदा वाचून दाखवले. घसा आता बरा होता. दुसऱ्यांदा म्हणायची गरजच पडली नाही. तीन आठवडे कार्डांपुढे मान खाली घालून बसणारी मुलगी खुलली, पडलेल्या दातांसकट हसली. "बाई, हे किती सोप्पंय," ती म्हणाली.

तपासनिसांनी दुसरा उतारा निवडला. टकळीनं तो असा वाचला की त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी अर्थ विचारला, तिनं तोही सांगितला, कारण ऐकलेलं तिला सगळं कळत असे. असं वाचन यंदा कुठे ऐकलं नाही, असं ते मुख्याध्यापकांना म्हणाले. मुख्याध्यापकांनी बाईंकडे बघितलं नाही. दुपारी बाईंनी कार्डं काढली तर टकळी मैदानाकडे बघत म्हणाली, "आता कशाला? मला येतंय की." तिला थांबवायला बाईंपाशी काही कारण उरलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी प्रगतिपुस्तकं वाटली. मुलं दप्तरं डोक्यावर घेऊन पळाली. टकळीची आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, धुतलेली साडी नेसून. चौथीचं कळलं तेव्हा तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. तळवे तिचे खरखरीत आणि गरम होते. मग ती लेकीकडे वळली.

"वाच ना गं, काय लिहिलंय बाईंनी."

टकळीनं प्रगतिपुस्तक उघडलं. शेऱ्याच्या पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि मान वर करून बाईंकडे बघितलं. आईसुद्धा बघू लागली. वर्ग रिकामा होता, आता कुणाची भीती नव्हती. हिला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. सुट्टीचे दीड महिने समोर होते. म्हटलं असतं तर त्या दीड महिन्याचं काही करता आलं असतं. बाईंनी तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्यावर एवढं सुख होतं की त्यांना तिकडे बघवेना.

"वाचन स्पष्ट आणि अस्खलित," बाई म्हणाल्या.

"वाचन स्पष्ट आणि अस्खलित," टकळी म्हणाली. जोडाक्षरं तिनं कशी स्वच्छ उच्चारली. तिचं म्हणून झालं तेव्हा बोट अजून दुसऱ्याच शब्दाखाली होतं.

आईनं पदरानं डोळे पुसले आणि आणखी एकदा वाचायला सांगितलं. या वेळी टकळीला बाईंची गरज पडली नाही.