मेथीवरचा रोग

"अननस हाय कुणाच्या रानात? दाव की. आख्ख्या शिवारात एक तरी अननस दाव मला."

सोजरबाई पाटीत तोंड घालून पुटपुटत होती. मी तिच्या मागंच उभी होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. मला ऐकू यावं म्हणूनच ती पुटपुटत होती.

"काकू, पुस्तिकेत तसं छापलंय."

"छापनाऱ्यानं कदी अंबाडी खाल्ली न्हाई वाटतं."

मी फळ्यावर 'अ'पुढचा अननस पुसला आणि अंबाडी लिहिली. वर्गाला बरं वाटलं.

हडपसरच्या पुढं आमचं गाव. महापालिकेत गेलं त्याला काही वर्षं झाली. कमानीवर आता प्रभागाचं नाव आहे, शेणाचे ढीग होते तिथंच आहेत. देवळाच्या सभामंडपात दुपारी दोन ते चार मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. पाट्या, खडू, पुस्तिका सगळं वरून आलं. शिकवणारं कुणी वरून आलं नाही, म्हणून मी. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकलेली बाई गावाला चालते.

वर्गात अकरा बायका. आणि उंबऱ्यावर, फळ्याकडं पाठ करून, एक पुरुष. सोजरबाईचे मालक, मच्छिंद्रआबा.

"हिला न्यायला आलुया," आबा सांगायचे. वर्ग सुटायचा चारला, आबा यायचे अडीचला, आणि घर देवळापासून चाळीस पावलांवर. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. मी वळणं मोठ्यानं सांगत फळ्यावर अक्षर गिरवलं की आबांचं बोट धोतरावर, गुडघ्याशी, हळूहळू फिरायचं. त्यावर मीही काही बोलायची नाही.

अननसाच्या भांडणानंतर मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि सांगितलं, उद्यापासून ज्याच्यावर अक्षर आहे अशी घरातली वस्तू घेऊन या. मिठाची पिशवी आली, वीजबिल आलं. मुक्ताई गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आली. सकाळची कुठली आणि रातची कुठली ते तिला तीन वर्षं रंगावरून कळत होतं, मग कंपनीनं रंग बदलला. दोन महिने ती सकाळी झोपत होती आणि रात्री भांडत होती. सुनेला वाटलं, वय झालं.

रानातलं मात्र कुणी काही आणलं नाही. अकरांपैकी नऊ घरांत फवारणीचा पंप आहे, औषधं आहेत. एकीनंही बाटली आणली नाही. मीही आणा म्हणाले नाही. उंबऱ्यावर आबा बसलेले असायचे.

झालं होतं असं. आबांची सगळी जमीन इमारतींखाली गेली, राहिले बारा गुंठे. तिन्ही बाजूंनी सात-सात मजले आणि मधे हिरवा रुमाल वाळत घातल्यासारखी मेथी. पहाटे जुड्या बांधून सोजरबाई हडपसरच्या मंडईत बसायची. दिवाळीनंतर मेथीवर माव्याची कीड दिसली. गोठ्यातल्या फळीवर दोन बाटल्या होत्या, दोन्ही पांढऱ्या. आबांनी एक घेतली, पंप पाठीला लावला आणि कडेपासून कडेपर्यंत, एक वाफा न सोडता, मन लावून फवारणी केली. काम कसं, आबांसारखं.

चौथ्या दिवशी मेथी पिवळी पडली. आठव्या दिवशी हातात धरली तर चुरा. मावाही मेला, ते एक झालं. आणि बांधावरची हरळीसुद्धा वाळली. माव्याच्या औषधानं हरळी मरत नाही, हे आमच्याकडं शेळीलाही ठाऊक आहे.

गाव भेटायला आलं. मयताला येतात तसं, बांधावर रांगेनं बसलं. रिकामी बाटली पाण्याच्या पाटात पडली होती, ती ओलांडून एकेकजण आला आणि बसला.

"करपा हाय," धोंडिबा म्हणाला.

"करप्यानं आसं व्हत न्हाई," बापूराव म्हणाले, "ह्या इमारतीच्या काचा बघा. ऊन उलटं पडतंय. रोग त्यानंच."

"हवाच बिगाडली," मुक्ताई म्हणाली.

"मातीतच काय तरी आसंल," आबा पाटाकडं न बघता म्हणाले.

"आसंल, आसंल," सगळे म्हणाले, आणि चहा प्यायले.

कारण दुसरं बोलायचं तर मग सगळंच बोलावं लागलं असतं. आबा वीस वर्षं गावच्या शेतीकर्जाच्या सोसायटीत संचालक होते. त्यांची सही अशी वळणदार की साहेबानं कागद सोडून सही बघत बसावं. त्या सहीपलीकडं आबांना काही येत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ठाऊक आहे हे कुणी कुणाला कळू दिलं नव्हतं.

तर, रोग ठरला. मातीत रोग ठरला म्हटल्यावर पेरायचं कशाला? आबांनी पंप खुंटीला अडकवला आणि रानात जायचं सोडलं. सोजरबाईनं वर्गात नाव घातलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "नातीच्या लग्नाची पत्रिका वाचायचीय." नात चार वर्षांची आहे.

मी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं, "काकू, पुन्हा पेरा की. एखादं पाणी द्या, आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. उगवंल."

"न उगवायला मातीला काय धाड भरलीय!" ती म्हणाली. मग उंबऱ्याकडं बघून तिनं आवाज चढवला, "रोगच म्हनायचा बाई. नशीब आपलं."

पोराला मात्र हा रोग सोयीचा पडला. रविराज खराडीत एका कंपनीच्या गाड्यांचं टायमिंग बघतो. रानाला लागूनच श्रीनिवासशेठचं मंगल कार्यालय, आणि लग्नात गाड्या लावायला त्याला जागा नाही. मग बारा गुंठ्यांवर मुरूम पसरून पार्किंग करायचं ठरलं. दहा वर्षांचा करार. मुरूम पसरला की त्या रानात पुन्हा मेथी नाही, हे रविराजलाही कळत होतं.

तो कागद घेऊन थेट वर्गातच आला. मंगळवार होता, आम्ही बसच्या पाट्या वाचत होतो.

"आबा, सही करा. शेठ बाहेर थांबलेत, गाडी चालूच ठेवलीय त्यांनी."

आबांनी पेन घेतलं. टोपण काढलं.

"वाच आदी," सोजरबाई पाटीवरची नजर न काढता म्हणाली.

"आई, स्टँडर्ड फॉरमॅट असतं. काय वाचायचं त्याच्यात?"

"आमी हितं बसच्या पाट्या वाचतुया. तू कागुद वाच."

बाकीच्या दहाजणी वळून बसल्या. रविराजनं घड्याळ बघितलं आणि भराभर वाचायला लागला. चतुःसीमा वाचली, नावं वाचली. मग, "सदर क्षेत्रातील माती रोगग्रस्त असून ती कोणत्याही पिकास कायमची अयोग्य झाली असल्याने, लिहून देणार हे स्वखुशीने..."

"थांब," आबा म्हणाले. "मागचं म्हन."

रविराजनं पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.

"ह्ये कुनी घातलं?"

"वकिलानं. उद्या कुणी काही इश्यू केला तर कारण असावं म्हणून. तुम्हीच म्हणता ना आबा, मातीत रोग आहे? सगळं गाव म्हणतंय."

सगळं गाव तिथंच होतं. मुक्ताई गोळ्यांचं पाकीट उलटून बघायला लागली. देवाच्या पाया पडून चाललेला धोंडिबा दारात चप्पल शोधत राहिला. ती त्याच्या पायातच होती. मी खडू मोडला. मोडायची काही गरज नव्हती.

आबांनी कागद मांडीवर घेतला. पेनाचं टोक सहीच्या जागी नेलं आणि तिथंच धरलं. शाईचा एक ठिपका पडला, तो हळूहळू मोठा झाला. सोजरबाई आता त्यांच्याकडं बघत होती.

बाहेर शेठनं हॉर्न वाजवला.

"आबा, करताय ना?"

आबांनी टोपण लावलं. कागद रविराजच्या हातात परत दिला आणि उंबऱ्यावरच फिरून बसले. पहिल्यांदाच, फळ्याकडं तोंड करून.

"माझ्या मातीला कसलाबी रोग न्हाई," ते म्हणाले. "म्या तणाचं औषध मारलं. मला वाचता येत न्हाई."