मिशांखालचं तोंड

ठमीच्या चित्रातल्या माणसांना तोंडच नसे. म्हणजे असे, पण दोन रेघांचं, टाके घालून शिवल्यासारखं. बाकी नाक-डोळे झकास. चित्रशाळेतल्या बाईंनी गेल्या वर्षी तिला व्यक्तिचित्रांच्या वर्गात घेतलं नाही ते एवढ्यासाठीच. "यंदा एक माणूस समोर बसवून त्याचा चेहरा काढून आण. जमला, तर जागा तुझी," असं त्यांनी बजावलं होतं. आणि ठमीला तर लहानपणापासून तोच एक ध्यास. चेहरे असे काढायचे, की घरच्यांनी बघून चित्रालाच हाक मारावी.

तिने बाबांना गाठलं. बाबा न्हावी, दुकान खाली, घर वर. त्यांच्या मिशा अशा झुपकेदार, की खाली वरचा ओठ आहे की नाही हे कोणाला सांगता आलं नसतं. म्हणूनच त्यांची निवड झाली होती. पण हे ठमीने कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

दुपारी दुकान बंद करून बाबा वर येत, जेवत आणि खिडकीपाशी स्टुलावर बसत. दिवसभर खुर्चीतल्या लोकांना हलू नका म्हणून दटावणारा हा माणूस स्वतः मात्र सारखा चुळबुळ करी.

"कानामागे खाजतंय गं."

"खाजवा, पण मान हलवू नका."

"माझंच वाक्य मला ऐकवतेस होय?"

चित्र छान उतरत गेलं. मिशा तर तिने कोळशाने अशा दाट भरल्या, की बघत राहावं.

चित्र द्यायच्या आदल्या दुपारी बाबा जिना चढून आले आणि आईच्या हातातलं झाकणच खाली पडलं.

"अगं बाई! हे कोण शिरलंय घरात?"

मिशा साफ. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"मोठ्या लोकांसमोर जायचंय माझ्या तोंडाला. म्हटलं, जरा नीटनेटकं दिसावं," बाबा म्हणाले आणि सवयीने मिशीला पीळ द्यायला गेले, तर बोटात काहीच येईना.

ठमीला रडूच फुटलं. "काय केलंत हे, बाबा! मला ओठ काढता येत नाहीत. म्हणून तर तुम्हाला बसवलं!"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे इतके दिवस मिशाच बसल्या होत्या तर," ते म्हणाले. थट्टेत म्हणायला गेले, पण थट्टा काही साधली नाही. मग त्यांनी विचारलं, "बसू का मी?"

ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बसा," ती डोळे पुसत म्हणाली. तिने मऊ खोडरबर घेऊन मिशा पुसल्या. कोळसा पुरता जाईना, राखाडी डाग राहिलाच. मग नाइलाजाने ती बघू लागली.

आणि बघता बघता नाइलाज कुठे गेला तिला कळलं नाही. वरच्या ओठावरची कातडी उन्हाला पारखी, फिकट. डावा कोपरा जरा उचललेला, आता काहीतरी बोलतील असा. आणि दोन ओठांमध्ये ती आजवर ओढत आली तशी रेघ नव्हतीच. मऊशी सावली होती. मध्ये गडद, कडेला विरत गेलेली. खाली गिऱ्हाइकं दार वाजवू लागली. बाबा हलले नाहीत. आईच खाली जाऊन सांगून आली, "थांबा जरा, न्हावीदादा कामात आहेत."

तिने तीनदा पुसलं, चौथ्यांदा सावली धरली. पोळपाट पुसता पुसता आई मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, इकडे बघा." ती चित्राशी बोलत होती. ठमीने मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद उजेडात धरला. "इथे आधी काय होतं?"

"मिशा होत्या, बाई."

"गेल्या कुठे?"

"बाबांनी काढल्या. माझ्यासाठी."

"तोंड अजून किंचित तिरकं आहे."

"ते त्यांचंच तसं आहे."

बाई हसल्या. "सोमवारपासून वर्गात ये."

ठमी धावतच दुकानात शिरली. खुर्चीतलं गिऱ्हाईक बाबांना चिडवत होतं, "काय मालक, पैज हरलात वाटतं?" तिचा चेहरा बघूनच बाबांना सगळं कळलं. त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला.

"झालं ना तुझं काम? मग आता वाढवायला घेतो."

"नका ना," ठमी म्हणाली. "थोडे दिवस असू द्या असंच. माझं अजून बघून झालं नाही."