गणपतच्या खिशातली गाठ

टेलिफोनवाल्यांनी तार ओढली ती माझ्या माडाला टेकवून, माझ्या पडवीच्या पत्र्यावरून. पण उतरवली सुभद्रावयनीच्या खिडकीत. फोन तिने घेतला होता. पुढे तिने मागच्या दोन खोल्यांत पर्यटक ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच तारेवरून इंटरनेटही आलं. माझ्या वाट्याला आले ते तारेवर बसणारे कावळे.

सुभद्रा माझी थोरली जाऊ. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावरचं आमचं घर एकच, पण मधे भिंत घालून दोन झालेलं. भिंत छपरापर्यंत गेलेली नाही, त्यामुळे तिच्या फोडणीने मला ठसका लागतो आणि माझं बोलणं तिला पाठ असतं. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ झालं नाही. माझा नवरा गणपत स्वतःच्या होडीवर तांडेल होता. होडी त्याची, चार माणसं त्याच्या हुकमातली. तोही आता नाही. मुलगा मात्र मला आहे, ओंकार. पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. हे ‘मात्र’ मी आयुष्यभर मनात जपलं, खोटं कशाला सांगू.

ही गोष्ट २००९ सालच्या चतुर्थीची. आमच्या दोन्ही घरांत मिळून गणपती एकच. एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. त्या वर्षी माझी पाळी होती. गणपतीच्या जागेवर लाकडाची माटवी बांधून तिला नारळ, काकड्या, रानातली कवंडाळं लटकवून झाली होती. ओंकार सकाळी पोचला, बॅग खाली टाकली, मी चहा दिला. कप ओठाला लावतो तोच मोबाईल वाजला. तो दारापुढच्या खळ्यात गेला, एका कानात बोट घालून कितीतरी वेळ बोलला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा रिकामं जाळं घेऊन परतलेल्या माणसासारखा होता.

“काय झाला रे?”

“कामाचा काय ता, आये. तुका नाय कळाचा. माका काकीकडे बसाक लागतला, इंटरनेट व्हया.”

असं म्हणून तो लॅपटॉप घेऊन पलीकडे गेला. माझा कपही घेऊन गेला.

मी विळीवर नारळ खवायला बसले. भिंतीला पाठ लावूनच बसले, कारण तिथे उजेड चांगला येतो. पलीकडे वयनीने तेच विचारलं, अगदी माझ्याच शब्दांत: “काय झाला रे?” आणि माझा मुलगा तिला सांगायला लागला. मला कळलं नसतं ते सगळं.

“काकी, बँकेची म्हायती जंय साठवून ठेवतत, त्येका डेटाबेस म्हणतत. आमची कंपनी त्येच्यार राखणदार बसवता. कोण आत इलो, कोणी काय बघल्यान, सगळा राखणदार टिपता आणि साहेबाक कळवता. ह्यो साहेब म्हणजे पण एक कॉम्प्युटरच. पण राखणदारान वळखूचा कसा, समोर इलो तो खरो साहेब म्हणून?”

“कसा?”

“साहेबाकडे सर्टिफिकेट आसता. शिक्को म्हण. आमी सगळ्या गिऱ्हायकांक एकच शिक्को दिलो. तो पण जुन्या पद्धतीचो, कच्चो. परदेशातल्या एका माणसान हुबेहूब तसोच बनवल्यान आणि आमकां दाखवल्यान. तो बरो माणूस. पण उद्या वायट माणूस बनवीत.”

“म्हणजे चोर साहेब होऊन येतलो, आणि राखणदार त्येकाच सलाम करून सगळा सांगतलो?”

“बरोबर.”

“आणि ता काम कोणी केल्लान?”

ओंकारने कप ठेवल्याचा आवाज आला. “मीच. कंपनी नवीन होती तेव्हा. आता मीच निस्तरूक व्हया, नायतर दुसरो कोण निस्तरतलो आणि माका घरी बसवतले.”

“अरे, मगे ह्या आमच्या गाठीसारख्याच झाला की!” वयनी म्हणाली, आणि माझा हात विळीवर थांबला.

गाठीची गोष्ट अशी. जुन्या काळी वारा फिरला की गणपतची होडी वेंगुर्ल्याला नाहीतर रेडीला लागायची. मग दोर हवा, तांदूळ हवेत, दुसरं जाळं हवं, म्हणून तो मालवणकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी घरी निरोप धाडायचा. होडीवर लिहिता कोणालाच येत नव्हतं. म्हणून निरोप्याच्या हातात सुतळीचा तुकडा द्यायचा, त्याला आमच्या होडीची गाठ मारलेली. प्रत्येक होडीची गाठ वेगळी. गाठ पटली की घरातल्यांनी वस्तू द्यायची. मी नवी सून असताना असाच एक माणूस आला, गाठ दाखवली, आणि सासूने नवं कोरं नायलॉनचं जाळं त्याच्या खांद्यावर दिलं. गणपत परतला तेव्हा कळलं, त्याने कोणाला धाडलंच नव्हतं. गाठ बाहेरून बघून कोणीही मारू शकतं. सासू तीन दिवस जेवली नाही.

तेव्हा तोड मी काढली. होडी निघायच्या सकाळी माझ्या अंगावरच्या लुगड्याचा एक दोरा काढायचा, गाठीच्या पोटात घालून गाठ आवळायची आणि ती गणपतच्या खिशात द्यायची. निरोप्याने आणली की गाठ सोडून बघायची. आत कुठल्या रंगाचा दोरा, ते मला ठाऊक आणि गणपतला. दर खेपेला नवी गाठ, नवा दोरा. त्याला तो खिसा चाचपायची सवय लागली होती. मी लांबून बघायची आणि मला बरं वाटायचं. नवराबायकोत याहून जास्त बोलायची रीत तेव्हा नव्हती.

भिंतीपलीकडे वयनी ही गोष्ट सांगत होती. जाळं गेलं इथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाली, “मगे माझ्या लुगड्याचो दोरो काढून गाठीच्या पोटात घालूचो. कोणाच्या बापाशीक जमतला तशी गाठ मारूक?”

माझ्या लुगड्याचो.

शिवाय ओंकारने पुण्याला कंपनीत फोन लावला आणि शुद्ध मराठीत हीच गोष्ट त्याच्या साहेबांना ऐकवली. “सर, माझी काकी सांगत होती... हो, स्वतःच्या लुगड्याचा दोरा... नाही, खरंच, हुशार बाई आहे.” तिकडे साहेब हसले असावेत. इकडे वयनीही हसली.

माझ्या नवऱ्याच्या खिशात हिच्या लुगड्याचा दोरा? आणि माझ्या मुलाच्या तोंडी हिची हुशारी? मी खवलेला नारळ तसाच टाकला, काळ्या वाटाण्याच्या उसळीची वाटी भरली, कारण रिकाम्या हाताने भांडायला जाणं बरं दिसत नाही, आणि पलीकडे गेले.

वयनी अळूची पानं चिरत होती. माझा कप तिच्या खिडकीत होता.

“वयनी, दोरो कोणाच्या लुगड्याचो?”

“इलंस? बस गो. उसळ आणलंस? बरा केलंस, ओंकार उपाशी आसा.”

“माझो झील माझ्या घराकडे जेवतलो. दोरो कोणाच्या लुगड्याचो ता सांगा.”

“आये, जरा थांब, मी कामात आसंय,” ओंकार लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणाला.

“तू गप. तुका नाय कळाचा.”

तो पुन्हा टाईप करायला लागला. वयनीने विळी आडवी केली. “शेवंते, कान भिंतीक लावन बसललंस काय?”

“भिंतीक नाय, माझ्या नावाक. गाठ माझी. दोरो माझो. सगळ्या दांडीक म्हायत आसा. तुमचो दोरो आमच्या माणसाच्या खिशात इलो खंयसून?”

“तू वालावलीक गेल्लंस माहेराक, ह्या झिलाच्या बाळंतपणाक. थंय तुका ताप इलो, आणि अख्खो हंगाम तू थंयच. मगे हंयसर गाठ कोणी बांधूची? तुझ्या बापाशीन?”

मी उसळीची वाटी खाली ठेवली. त्या हंगामात गाठ सासू बांधत असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण सासूची बोटं तेव्हाच वाकडी झाली होती. तिला भाजी निवडता येत नव्हती. हे मला स्पष्ट आठवत होतं. भाजी आठवत होती, आणि गाठीचा विचार म्हणून कधी मनात आला नव्हता.

“रंग कसलो होतो?” मी विचारलं.

“दोऱ्याचो? माका काय आठवता? जांभळो असात.”

जांभळं लुगडं. विधवेने असलं नेसू नये म्हणून सासू कुरकुरायची, पण ते तिला शोभायचं. माझ्यापेक्षा जास्त. मी तिकडे वालावलीला पाळण्याची दोरी ओढत होते, आणि इकडे तो खिसा चाचपत होता.

“आणि मी परत इलंय, तेव्हा ती गाठ बाद केलास?”

ओंकार एकदम हसला. “आये! ह्याच मी सकाळपासून पुण्याच्या साहेबाक सांगतंय.”

“काय सांगतस?”

आता तो माझ्याकडे वळून बसला. “नवीन शिक्को करणा सोपा. प्रत्येक गिऱ्हायकाचो येगळो, पक्को. ता माझा झाला. पण नवीन दिलो म्हणान जुनो आपोआप मरणा नाय. जुनो चालता तवसर चोर जुनोच घेऊन येतलो. साहेब म्हणता, जुन्या गिऱ्हायकांक आता हात लावू नको, सणाचे दिवस, उगाच बोंब होईत.”

“मगे बाद कर. साहेबाक काय विचारतस?”

“तसा चलणा नाय. राखणदार जुन्या शिक्क्याकच वळखतत. तो आधी बाद केलो तर नव्या शिक्क्याच्या साहेबाक ते दारातच उभे करूचे नाय. म्हणान जुन्याच शिक्क्यान शेवटचो निरोप धाडूचो: आजपासून ह्यो नवो तुमचो मालक. आणि मगे जुनो मोडून टाकूचो. मधे येळ घालवचो नाय.”

मी वयनीकडे बघितलं. “ऐकलास? निरोप धाडून मोडूचो. तुमची खंय आसा?”

वयनी उठली. आत गेली. मला वाटलं रागावली. ती परत आली तेव्हा हातात बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात बटणं, एक मोडकी फणी, आणि तळाशी सुतळीचा तुकडा.

“हंगामातली ही शेवटची,” ती म्हणाली. “तू बाळाक घेऊन इलंस त्याच दिसा भावोजींनी खिशातून काढून माका दिल्यानी. म्हणाले, वयनी, आता हिचा काम नाय. मी ठेवलंय. फेकूची कशी, माका समाजला नाय.”

म्हणजे त्याने बाद केली होती. त्याच दिवशी. मला थोडं हलकं वाटलं. आणि लगेच वाटलं, मग समुद्रात का नाही टाकली? हिच्या हातात कशाला दिली?

गाठ मिठाने दगड झाली होती. मी दाभण मागितलं. ओंकारही काम सोडून बघत होता. मी टोक आत घालून घालून ती उकलली. आत बोटभर दोरा निघाला. मी तो दाराशी उजेडात धरला.

त्याला रंगच नव्हता. सुतळीचा होता तोच धुळकट रंग त्याला आला होता.

“जांभळो,” वयनी म्हणाली.

“खंय जांभळो? हिरवो आसा. माझ्या डोहाळजेवणाच्या लुगड्याचो.”

वयनीने दोरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. “असात,” ती म्हणाली. “तुझा एक लुगडा पडवीतल्या दांडीर वाळत रवलला.”

ती खरं बोलली, की सण आहे म्हणून सोडून दिलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. उलट उत्तर आलं असतं तर मी काय केलं असतं?

दुपारी ओंकारने साहेबांशी पुन्हा बोलणं केलं. यावेळी आवाज चढलेला होता. “सर, जुनं सर्टिफिकेट चालू ठेवायचं असेल तर नवीन दिल्याला अर्थच नाही. जबाबदारी माझी. झालं तर माझ्या नावावर घाला.” शेवटी साहेबांनी हो म्हटलं. त्याने शेवटचा निरोप धाडला आणि जुना शिक्का मोडला. त्या वेळी जे कॉम्प्युटर बंद होते ते नव्या मालकाला ओळखेनात, त्यांच्या गिऱ्हाइकांनी चतुर्थीभर फोन केले. माझा मुलगा सोवळं नेसून माझ्या घरात गणपतीपुढे बसला होता आणि कमरेला मोबाईल थरथरत होता. पण नोकरी राहिली. एका फोनवर तो कोणाला तरी म्हणाला, “माझ्या आईची आणि काकीची युक्ती.” आईचं नाव आधी घेतलं. मी भिंतीकडे बघून जरा मोठ्यानेच घंटा वाजवली.

तो निघाला त्या सकाळी मी नव्या साडीचा एक दोरा काढला, सुतळीला आमच्या होडीची गाठ मारली आणि त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. कित्येक वर्षांनी बांधली, पण बोटं विसरली नव्हती. बस स्टँडवर वयनीही आली होती. लाडवांचा डबा द्यायच्या निमित्ताने तिने बॅगेची चेन उघडली आणि तिचा हात आत जरा जास्तच वेळ राहिला.

शिमग्याला ओंकार आला तेव्हा मळके कपडे धुवायला काढते म्हणून बॅग मीच आधी उघडली. आतल्या कप्प्यात गाठी दोन होत्या. एकसारख्या. दाभण घेऊन दोन्ही सोडल्या. दोन्हींच्या पोटात माझ्याच नव्या साडीचा अबोली दोरा. कुठली माझी आणि कुठली तिची, ते मला सांगता येईना.

मी कपाटातून साडी काढली. पदराच्या कडेला, मी जिथून दोरा काढला नव्हता, तिथे एक धागा ओढलेला होता.

“वयनी!” मी भिंतीवरून ओरडले. “माझी नवी साडी इसकटलास!”

“मगे?” पलीकडून आवाज आला. “माझ्या साडीचो दोरो त्येकाक कशाक व्हयो? माका म्हायत आसा तो कोणाचो झील ता.”

मी साडीची घडी घातली. थोड्या वेळाने तिकडे कपबशी वाजली, आणि ओंकार तिच्याकडे चहा प्यायला गेला.