खोबरेलाचा एक थेंब

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मालाडच्या हेन्री सरांच्या कपाटात असते. सेकंदाचा दहावा भाग मोजणे एवढेच माझे काम, आणि ते मी एकदा चुकले.

सर शाळेत गणित शिकवत आणि मैदानावर मुलींना पळवत. खारदांड्याची जोसेफीन त्यांत सर्वांत वेगवान. १९७१ साली परदेशात एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. शर्यत साठ मीटरची, बंद सभागृहात, लाकडी फळ्यांवर.

"छताखाली धावायचं?" जोसेफीन हसली. "मग आमच्या घरातच घ्या ना, सर. फक्त मांजर आडवी येते."

"तिला तुझ्या मागे सोड. जोरात पळशील."

सरांनी एकदाच वेळ घेऊन, सही करून निवड समितीला कळवायची होती. ७.८ सेकंदांच्या आत आली तरच तिची निवड होणार होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी माझे बटण अडकू लागले. सर पाणी प्यायला गेले, तेव्हा जोसेफीनने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. आई शिवणयंत्राला घालते तसा एक थेंब तिने बटणाच्या फटीत सोडला. "उद्या दगा देऊ नकोस हं," म्हणत मला रुमालाने पुसले. इतक्या मायेने मला कोणीच पुसले नव्हते. बटण सुटले.

दुसऱ्या दिवशी ती जीव तोडून धावली. माझा काटा ७.९ वर थांबला.

"परत बघा ना, सर."

सरांनी पाहिले. काटा तिथेच होता. त्यांनी ७.९ लिहून सही केली.

स्पर्धा होऊन गेल्यावर चंद्रप्रकाश घड्याळजींनी मला साफ करायला उघडले.

"सर, यात तेल कोणी घातलं? केसाएवढी स्प्रिंग, तिचे वेढे चिकटलेत. मिनिटाला दीड सेकंद पुढे पळतंय. आणि वास बघा, खोबरेल."

सरांना जोसेफीनच्या पिशवीतली बाटली आठवली. मग त्यांनी ७.९ घेऊन कागदावर भागाकार केला. तिची खरी वेळ आली ७.७. तो कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला, आणि जोसेफीनला कधीच दाखवला नाही.

ती अजून दर नाताळात येते. मला रुमालाने पुसते आणि म्हणते, "या बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं, सर. मीच कमी पडले."

सर खिडकीबाहेर बघतात. मला बोलता येत नाही.

मित्रांनो, यंत्रावर माया करा, पण तेल घालण्याआधी जाणत्याला विचारा. आणि माझ्या काट्यावर कोणाचे नशीब ठरवण्याआधी मला दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहा. त्याला एकच मिनिट लागते.