झोंबणारा वास

दिराने लाथ मारली तसा कॅन घरंगळत बाथरूमच्या उंबऱ्याला जाऊन आपटला.

"नाकाला झोंबलं नाही तर धुतलंय असं गिऱ्हाइकाला वाटतच नाही, वहिनी. हे सरबत तुम्हीच प्या."

वहिनीने कॅन उचलून पदराने पुसला. नवरा गेल्यापासून ती एका कंपनीचा माल विकायला लॉज, खानावळी, लॉन्ड्र्या पालथ्या घालत होती. ॲसिड नको, ब्लीच नको, धुण्यासाठी हे लिंबूसत्त्वाचं औषध वापरा. हात सोलत नाहीत, नाल्यातले मासे मरत नाहीत. माशांचं ऐकून मालक हसायचे. दिराचा लॉज म्हणजे घरचं गिऱ्हाईक, पण तिथेही तिची डाळ शिजत नव्हती.

खरं तर ती जावेसाठी यायची. लॉजच्या सगळ्या बाथरूम धाकटी जाऊ धुवायची, तेही दार लावून. दार लावलं की वास आत मुरतो आणि पाहुण्याला पहिल्याच पावलाला झोंबतो, हा दिराचा नियम होता. जावेच्या बोटांची सालं निघाली होती आणि खोकला तर तिच्या पाचवीलाच पुजला होता.

जाताना वहिनीने मागच्या दाराने कॅन तिच्या हातात दिला.

"ताई, ह्यानं काही होणार नाही ना?"

"अगं, लिंबू आहे ते. लेकराला पाजलंस तरी काही होणार नाही."

विकणाऱ्याची जीभ ती; जरा पुढे धावली.

दुसऱ्या दिवशी जावेने त्याच औषधाने बाथरूम धुतली. फरशी लख्ख झाली, पण वास काही येईना. नवऱ्याला लगेच कळलं असतं. म्हणून तिने वरून मुठी भरभरून ब्लीच पावडर टाकली आणि दार लावून घासत बसली. लिंबूसत्त्व असो की ॲसिड, ब्लीच पडलं की विषारी वायू होतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

वहिनी चौकशीला आली तेव्हा आतून खोकला ऐकू येत होता. मग तोही थांबला. दिराने पहारीने दार फोडलं, पाय धरून बायकोला बाहेर ओढलं. तिच्या तोंडाला फेस होता. डोळे उघडेच होते, पण ती गेली होती.

दिराला कॅन दिसला. त्याने वहिनीचे केस धरून तिचं तोंड बेसिनवर आपटलं. पुढचा दात तुटून रक्तासकट खाली पडला. तिने उलटून त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि मांसात दात रुतले तरी सोडलं नाही.

"तुमच्या लिंबानं मारलं तिला."

"तुमच्या वासापायी मेली ती."

दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच दोघांना एकमेकांचा जीव घ्यावासा वाटत होता. पाहुण्यांनी ओढून त्यांना वेगळं केलं.

पुढे वहिनी कुठल्याही दुकानात शिरली की आधी तेच सांगायची, यात ब्लीच घालू नका, माझी जाऊ गेली त्याने. ऐकून लोक हात जोडत. धंदा बसला, कंपनीने झापलं, तरी तिने ते वाक्य सोडलं नाही.

एक दिवस दिराचा निरोप आला, कॅन घेऊन या. ती गेली तेव्हा तो उकिडवा बसून स्वतः बाथरूम घासत होता. दार सताड उघडं होतं आणि मिटू नये म्हणून खाली वीट लावलेली होती.

तिने कॅन उंबऱ्यावर ठेवला. "भावजी, यात ब्लीच..."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि कॅन घ्यायला हात पुढे केला. मनगटावर तिच्या दातांचे व्रण होते. मध्ये एका दाताची जागा मोकळी होती.