सायकलच्या पिशवीतला निळा साबण

मित्रांनो, मी एक जुना साबण आहे. साबण जुना कसा असेल, असे तुम्हाला वाटेल, आणि ते बरोबरच आहे. साबण एकतर नवा असतो, नाहीतर संपलेला. मधल्या मध्ये इतका रेंगाळलेला माझ्यासारखा एखादाच. त्यामुळे माझ्या गोष्टीत जागोजागी गोंधळ आहे. तो मी लपवणार नाही.

गोंधळ अगदी जन्मापासूनचा. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी मी नव्हतोच. हातभर लांब निळ्या वडीचा कुठलातरी भाग होतो. आमच्या खोक्यावर कपडे धुणाऱ्या बाईचे चित्र होते, म्हणून मला वाटले, आपण कपड्यांचे. पण फोर्ट पोर्टल गावातल्या दुकानात एका बाईने आमच्यातली वडी बाळाच्या अंघोळीसाठी नेली, दुसरीने भांड्यांसाठी, आणि एका म्हाताऱ्याने विचारले, "दाढीला चालेल का रे?"

"काका, साबणाला काय विचारता," दुकानदार म्हणाला, "दाढीला विचारा."

सगळे हसले. मी कशासाठी आहे, ते कळायचे राहूनच गेले.

आमची वडी रुसोके गुरुजींनी घेतली. ते शाळेत भूगोल शिकवत. आमच्या तोरो मुलखात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे समजतात. प्रत्येकाला एक मायेचे नाव असते. गुरुजींना सगळे आराली म्हणत. शाळेला सुट्टी लागली की आराली गुरुजी सायकलला दोन पिशव्या अडकवत, कॅरिअरवर तंबू बांधत आणि डोंगरातल्या तळ्यांच्या वाटेला लागत.

ते अख्खी वडी आणत आणि ब्रेकच्या जुन्या तारेने स्वतः तिचे तुकडे करत. ताजा साबण मऊ असतो, पाणी लागले की भराभर झिजतो. म्हणून ते कपाटावर वर्तमानपत्र पसरून आम्हाला सावलीत वाळवत. तिथे पडल्या पडल्या खालचे बोलणे ऐकू येई. एकदा त्यांची मुलगी कॅम्पालाहून आली होती. तिचे मायेचे नाव अबवोली.

"बाबा, सायकल आहे की दुकान? एवढे साबण कशाला?"

"एकच आहे, अबवोली. एकच साबण नेतो मी. फक्त तुकडे केलेत."

"म्हणजे एकच नाही ना मग!"

गुरुजी नुसते हसले. भूगोलाच्या तासालाही ते असेच हसत असणार, कारण वर आमच्यातल्या कुणालाच उत्तर कळले नाही.

आधीच्या सुट्टीतून परत आलेला एक झिजलेला तुकडा आमच्या शेजारी होता. तो आम्हाला प्रवासाच्या गोष्टी सांगे. गुरुजी त्यानेच अंघोळ करत, त्यानेच सदरा धूत, त्यानेच दाढी करत. चुलीवर पातेले ठेवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून साबण चोळत, म्हणजे काजळी नंतर एका हाताने निघे. पंक्चर कुठे आहे ते दिसेना, की ट्यूबवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघत. मात्र तळ्यात साबण कधी नेत नसत. पाणी भांड्यात घेऊन काठापासून लांब गवतात जात आणि फेस तिथेच मातीत ओतत. "तळं मासळीचं आहे, आपण पाहुणे," असे ते म्हणत म्हणे.

हे ऐकून मी आणखीच गोंधळलो. मी अंघोळीचा, कपड्यांचा, दाढीचा, पातेल्याचा, की ट्यूबचा?

मग एके दिवशी गुरुजींनी मला एकट्यालाच खाली उतरवले. चाकाची एक तुटकी तार तापवली आणि शीळ घालत माझ्या एका टोकाला आरपार भोक पाडले. बाकी कुणाला भोक नाही, मलाच. मग मला पत्र्याच्या डबीत घातले आणि डबी सायकलच्या पिशवीत. मला वाटले, झाले, उद्या निघायचे.

पण पिशवी हललीच नाही. बाहेर पुष्कळ पावले वाजली. मोठमोठी पातेली ओढल्याचे आवाज आले. बायकांचे गाणे ऐकू आले, आणि ते सणाचे नव्हते. त्या दिवसांत घरात सतत माणसे होती. त्यांची ताटे, चादरी, हात धुवायला माझे कपाटावरचे सगळे भाऊ खर्ची पडले. मला हे पुष्कळ उशिरा, तुकड्या तुकड्याने कळले. तोवर मी डबीत गुरुजींची वाट बघत होतो. कुणी मला सांगितलेच नव्हते.

डबी उघडली ती पुढच्या सुट्टीत, आणि उघडणारे हात दुसरेच होते. अबवोलीचे. वडिलांची राहिलेली फेरी आपण पुरी करायची, असे तिने ठरवले होते. सोबत चुलतभाऊ अपुली. सामान कमीत कमी घ्यायचे होते, त्यामुळे साबणही एकच. पण कुठला, यावर ओसरीत अर्धा दिवस गेला.

मैत्रिणीने कॅम्पालाहून एक छोटी बाटली पाठवली होती, अंगाला, कपड्यांना, भांड्यांना चालणारी. अपुलीने ती उलटी करून बघितली. "बूच सैल आहे. चढावर सांडलं तर तुझी पावरोटी स्वच्छ होईल."

आत्याने गुलाबी वासाचा साबण पुढे केला. "मुलीच्या जातीनं जरा वासाचं वापरावं."

"आत्या, त्या वासाने ताटालाही गुलाब येतो. घेवड्याचा फिरिंडा खायचा की हुंगायचा?"

"मग तू काय नेणार, शहाण्या?"

"पावडरीची पुडी. सगळ्यात हलकी."

"आणि त्या पावडरीने तोंड धुणार? आधीच काय रूप आहे!"

 अबवोलीने मला तळहातावर घेतले होते आणि अंगठा भोकावर फिरवत होती.

"बाबा हाच न्यायचे," ती म्हणाली. "पण हे भोक कशाला?"

"हँडलला टांगायला," अपुली म्हणाला. "लवकर वाळायला," आत्या म्हणाली. दोघांनाही खात्री नव्हती. मला तर अजिबातच नव्हती.

शेवटी तिने मलाच निवडले. मित्रांनो, तेव्हा मला केवढी धन्यता वाटली! पण रस्त्याला लागल्यावर पहिल्याच मुक्कामात नवा गोंधळ उभा राहिला. अबवोलीने डबी उघडली, माझ्याकडे बघितले, आणि झाकण लावून टाकले. तिने राखेने पातेले घासले. अंगावर नुसते पाणी घेतले. दुसऱ्या दिवशी चढावर चेन उतरली, ती बसवताना तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. ते तिने केळीच्या पानांना पुसले.

"अबवोली, एक विचारू?" अपुली म्हणाला. "आपण साबण फिरायला आणलाय की धुवायला?"

"वापरला की संपेल तो."

"साबण आहे तो, बाई. संपणं हेच त्याचं काम."

"बाबांच्या हातचा हा शेवटचा तुकडा आहे, अपुली. मग काहीच उरणार नाही."

 अपुली तंबूच्या दोऱ्या ताणायला निघून गेला. आणि मी डबीत विचार करत राहिलो, की जो साबण वापरायचाच नाही, तो साबण असतो का? माझा मान वाढला होता की माझे काम गेले होते?

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना ते एका तळ्याच्या वरच्या अंगाला पोचले. तिथे एका आजीचे घर होते. अंगण झाडलेले, मागे केळीची बाग. तंबू टाकायला जागा मागण्यासाठी अबवोली पुढे झाली. आजींनी जागेचे काही ऐकायच्या आधी मायेचे नाव विचारले, आपले अडियेरी हे नाव सांगितले, आणि मगच म्हणाल्या, "अंगण काय, घरात झोपा. पण आधी जेवायचं."

आमच्याकडे कुणाच्या घरी जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. साखर न्यायची आणि साबण न्यायचा. अबवोलीने साखरेची पुडी दिली. साबण मात्र दिला नाही, कारण तिच्याकडे एकच होता आणि तो मी होतो.

आजींनी नाचणीची गरम करो, म्हणजे घट्ट उकड, टोपलीत आणून ठेवली आणि शेजारी फिरिंडा. टोपली एकच. सगळ्यांनी त्यातूनच बोटांनी तोडून खायचे. अबवोलीने आपल्या हातांकडे बघितले. चेनचे ग्रीस रेषारेषांत भरले होते. असे हात लोकांच्या टोपलीत घालता येत नाहीत. ती अंगणाच्या कडेला गेली, डबी उघडली, आणि मला दोन्ही तळहातांवर घेऊन तशीच उभी राहिली. एक पाऊल पुढे पाण्याची घागर होती. ते पाऊल तिच्याने टाकवेना.

तेवढ्यात आजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. समोर पाहुणी उभी, दोन्ही हात पुढे, हातांवर साबण. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. आजींनी तांब्या खाली ठेवला, गुडघे वाकवले, मला दोन्ही हातांनी घेतले आणि म्हणाल्या, "वेबाले, वेबाले, पोरी. देव भलं करो." आणि मला घेऊन घराच्या मागे चालू लागल्या.

अबवोलीचे हात तसेच पुढे राहिले.

"अगं, माग परत!" अपुली कुजबुजला.

"दिलेलं परत मागायचं? वेडा झालास का?"

"पण तू दिलंच नव्हतंस!"

"ते त्यांना कोण सांगणार?"

ती आजींच्या मागे धावली. काय सांगायला, ते तिलाही ठाऊक नसावे. घराच्या मागे धुण्याचा दगड होता आणि वर छपराच्या वाशाला एक खिळा. खिळ्याला सुतळी. आणि सुतळीत ओवलेली एक निळी चकती, पानासारखी पातळ झालेली, मध्ये भोक असलेली.

मित्रांनो, मी त्या चकतीकडे बघितले आणि क्षणभर वाटले, हा मीच आहे, फक्त खूप म्हातारा.

आजी सुतळी सोडता सोडता बोलतच होत्या. "खाली ठेवला की कावळे नेतात मेले. मी एकदा कुरकुर केली, तर तेव्हापासून आराली मला भोक पाडूनच आणून देतो. बघ, याला पण आहे. त्यानेच पाठवला ना? दर सुट्टीत इकडच्या सगळ्या घरांना एकेक तुकडा असतो त्याचा, पण भोकाचा फक्त माझा." त्या थांबल्या. "तू आरालीची कोण?"

"मुलगी."

"मग तो कुठाय? मागल्या सुट्टीतही आला नाही. गुडघे कुरकुरायला लागले असतील. सांगितलं होतं मी, आता म्हातारा झालास."

अबवोलीने मान खाली घातली. आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांच्या हातातली सुतळी थांबली.

"असं होय," त्या म्हणाल्या. "तो असता तर साबण त्यानेच आणला असता."

दोघी धुण्याच्या दगडावर बसल्या.  मी आजींच्या मांडीवर होतो, आणि आयुष्यात प्रथमच एक गोष्ट मला कळत होती. मी अंघोळीचा नव्हतो, कपड्यांचा नव्हतो. मी या खिळ्याचा होतो. गुरुजींनी मला स्वतःसाठी कापलेच नव्हते. अबवोलीने इतके दिवस मला चुकीच्या माणसाचा समजून जपले होते.

"आजी," अबवोली म्हणाली, "साबण तुमचाच आहे. राहू द्या."

"माझाच आहे. म्हणूनच काय करायचं ते मी ठरवणार."

त्यांनी सुतळी माझ्या मध्यावर गुंडाळली, दोन टोके ओढली, आणि मी दोन झालो. भोकाचा अर्धा त्यांनी खिळ्याला अडकवला. दुसरा अर्धा अबवोलीच्या काळ्या हातात ठेवला आणि वरून पाण्याची धार धरली.

"धू. करो गार होतेय."

अबवोलीने हात चोळले. आधी राखाडी फेस आला, मग पांढरा. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती धूत राहिली, आणि आजी पाणी घालत राहिल्या. मग दोघी जेवायला गेल्या. टोपलीतला पहिला घास आजींनी अबवोलीला तोडू दिला.

आता तुम्ही विचाराल, यातला मी कुठला? खिळ्यावरचा की डबीतला? मित्रांनो, खरेच सांगतो, मला माहीत नाही. मला दोन्हीकडचे आठवते. वाशाला लटकून मी तळ्यावरचे धुके बघितले, आजींच्या कपड्यांना लागलो, कावळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि डबीतून मी चढ चढलो, पातेल्याच्या बुडाला बसलो, अपुलीच्या पंक्चरवर बुडबुडे काढले, तळ्यापासून लांब गवतात मातीत मुरलो. डबीतला मी घरी परतलो नाही. वाटेतच, एका सदऱ्याची कॉलर धुताना, संपलो. आज आजींच्या अंगणात अपुली म्हणाला की अबवोलीने रिकामी डबी उन्हात वाळवली आणि परत पिशवीत ठेवली.

खिळ्यावरचा मी अजून आहे. पानासारखा पातळ झालो आहे. सुट्टी लागली आहे असे आजी म्हणत होत्या. आज दुपारी खालच्या वळणावर सायकलची घंटा वाजली. अबवोली अपुलीसह अंगणात उतरली. तिने साखर दिली, आणि दोन्ही हातांवर एक नवा निळा तुकडा पुढे धरला. त्याला एका टोकाला भोक होते. जरा तिरके पडले होते. सवय नाही अजून तिला.

मित्रांनो, एवढेच मागतो. साबणाला पाण्यात पडू देऊ नका, वापरला की वाळत घाला, तळ्या-नदीत त्याचा फेस सोडू नका. आणि कुणाची आठवण म्हणून कपाटात जपूनही ठेवू नका. तो कुणाच्या तरी हातांसाठी कापलेला असतो. ते हात शोधा.

आजी सुतळी सोडायला आल्या आहेत. मला वाटते, नव्यासाठी जागा करायची वेळ झाली.